शिकार उतरवायची वाट

खोक्यावर एक गोरा माणूस होता. पाठीला बंदूक, अंगात पालापाचोळ्याच्या छापाचं जाकीट आणि हातात वाट नोंदवणारं ते जीपीएसचं यंत्र. त्याच्या मागे फांद्यांसारख्या शिंगांचं कसलंसं जनावर उभं होतं. लोणावळ्यातल्या त्या ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात दुकानदाराने खोकं माझ्या नवऱ्यापुढे ठेवलं, तेव्हा मी ते माझ्याकडे ओढून घेतलं. दुकानदार चाळिशीचा, स्वतः डोंगर चढणारा, माणूस वाईट नव्हता. तरी मुलासाठी घेताय का, हे त्याने विचारलंच. मी सांगितलं, शिकारीसाठी घेतेय आणि माझ्यासाठी घेतेय. त्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं. नवरा छताचा पंखा बघायला लागला.

मी काही खोटं बोलले नव्हते. माझं माहेर मावळात, डोंगराच्या अगदी पोटाशी. शिमग्याला तिथे अजून शिकार निघते. खरी शिकार कायद्याने बंद झाली त्याला माझं आयुष्य होत आलं. गावाने भाले टाकले, पण दिवस टाकला नाही. आता पुरुषमाणसं काठ्या घेऊन खिंडीच्या वाटेने वर रानातल्या देवापाशी जातात. देवापुढच्या दगडावर कोहळा ठेवतात, सगळ्यांत वडीलधारा माणूस त्यावर कोयत्याचा एक घाव घालतो, घावात कुंकू भरतात. मग रानडुक्कर बांधत तसा तो कोहळा वेलाने दांड्याला बांधून दोन खांद्यांवर गावात आणतात. घरोघरी एकेक फोड वाटली की शिमगा झाला.

यात एक नियम आहे. ज्या वाटेने चढलो त्या वाटेने शिकार खाली आणायची नाही. चढायची वाट खिंडीची आणि उतरायची दुसरी, ओढ्याच्या बाजूने. ती उतरायची वाट यंदाच्या पावसाळ्यानंतर बंद झाली. कुणीतरी बंगल्यांचे प्लॉट पाडले आणि डोंगराच्या कमरेला जाळीचं कुंपण घातलं. कुंपणाला वरच्या अंगाला एक फाटक ठेवलं. त्यातून पाहुणे दरी बघायला बाहेर येतात. फाटक बरोबर आमच्या वाटेवर आहे, म्हणजे वाट बघूनच त्यांनी जागा निवडली असणार. आम्हाला मात्र कुलूप.

गावातल्या पाचजणांनी वडगावला तहसीलदारांपुढे अर्ज केला. अर्जाच्या कामात मी होते, कारण अर्ज लिहिता येणारी आणि वेळ असणारी मीच. तीस वर्षं तळेगावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. माहेरवाशिणीने गावकीत पडू नये असं दोघातिघांनी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. मी ऐकलं आणि अर्जाची दुसरी प्रत काढली.

तर आमच्या वकिलांनी सांगितलं की वाट कुठून कुठे जाते ते कागदावर दाखवा. मोजणीच्या नकाशावर ती वाट नव्हतीच. पायांनी पडलेल्या वाटा कुठल्या नकाशावर असतात? एका भाच्याने फोनवर नोंद करून आणली. अर्ध्या रस्त्यात त्याच्या फोनची बॅटरी मेली होती आणि ओढ्याच्या घळीत रेघेने सरळ कड्यावरून उडी मारली होती. तो नकाशा दाखल केला असता तर अख्ख्या गावाने दर शिमग्याला जीव दिला असं सिद्ध झालं असतं. म्हणून मी लोणावळ्याच्या दुकानात.

दुकानदाराने तीन यंत्रं काढली. पहिलं सगळ्यांत देखणं. मोठा रंगीत पडदा, बोट लावलं की नकाशा पुढे सरकतो, वर कॅमेरा. मी पाण्याच्या बाटलीत बोट बुडवलं आणि पडद्यावर ठेवलं. नकाशा एकदा अरबी समुद्रात गेला आणि एकदा सोमाटण्याला. दुसरं मनगटावर बांधायचं घड्याळ. त्यातले आकडे बघायला मला चष्मा लागला आणि चष्मा लावून ओढा उतरणारी मी नव्हे. तिसरं जाडजूड, ठेंगणं, बटणांचं. पडदा लहान, पण उन्हात धरला तर अधिक स्पष्ट दिसत होता. आणि आत साधे पेन्सिल सेल. ते मला फार आवडलं. चार्जिंगला प्लग डोंगरात कुठे शोधायचा? पेन्सिल सेल आमच्या गावच्या किराणा दुकानात तंबाखूच्या पुड्यांशेजारी मिळतात. आणखी एक, उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र असतं, ते परवान्याशिवाय आपल्याकडे चालत नाही, असं त्याने आपणहून सांगितलं. मी म्हटलं, मला कुणाला निरोप पाठवायचा नाही.

मग मी त्याला दुकानाबाहेर काढलं. एका आंब्याखाली पार होता. मोठं आणि बटणांचं अशी दोन्ही यंत्रं हातात घेऊन मी त्या पाराला तीन फेऱ्या मारल्या. तीन फेऱ्यांच्या रेघा एकमेकींवर पडल्या पाहिजेत, एवढी साधी परीक्षा. देखण्या यंत्राच्या तीन रेघा तीन दिशांना फाकल्या होत्या, बटणांच्याची जवळजवळ एकच जाड रेघ. नवरा म्हणाला, वडाला घालायला सांगितल्या तेव्हा नाही घातल्यास. मी म्हटलं, तेव्हा मोजायला काही नव्हतं.

त्या बटणांच्या यंत्रात शिकाऱ्यांसाठी खास सोय होती आणि दुकानदाराला तीच दाखवायची हौस. जागेवर खूण करायची तर चित्रं तयार होती. जनावर दिसलं ती जागा, मचाण, रक्ताचा माग. आणि शेवटी त्याने सगळ्यांत मोठा गुण सांगितला, की एक बटण दाबलं की आलात तीच वाट हे यंत्र उलटी दाखवतं, माणूस हरवूच शकत नाही. मी मान डोलावली आणि पिशवी उघडली. त्या ‘आलात तीच वाट’मध्ये काय दडलंय हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता वाट दाखवणारा हवा होता. माझे चुलते, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, शिकारीचे म्होरके. उतरायच्या वाटेचा दगड न् दगड ठाऊक असलेला तो एकटा माणूस उरलाय. त्यांची मुलं, पुतणे आंबीच्या कारखान्यांत शिफ्टवर जातात. ते शिमग्याला रजा काढून येतात, आबांच्या मागोमाग चालतात आणि घरी जातात. वाट लक्षात ठेवायची गरज त्यांना कधी पडली नाही, कारण पुढे आबा होते. आता आबांच्या गुडघ्यांत पाणी भरतं. ते गेले की कुंपण असो नसो, वाट गेलीच. मला रात्रंदिवस हीच काळजी होती.

आबांनी यंत्र उलटंसुलटं केलं, वास घेतला आणि परत दिलं. बाईमाणूस शिकारीला जात नाही, हे त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत चार वेळा सांगितलं. बायकांनी पाण्याच्या टाक्यापर्यंत भाकरी पोचवायची आणि तिथून माघारी यायचं. हे मला सांगायची गरज नव्हती. परकर सावरत, डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन मी त्या टाक्यापर्यंत किती शिमगे गेले आहे. वरून आरोळ्या यायच्या आणि आम्ही पोरी कातळावर बसून रिकाम्या पाट्या वाजवायचो. बरोबरीची पोरं वर जायची. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान, डोंगर चढताना माझ्याकडून हरणारी पोरं. त्याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो पोरकटपणा आहे असं मला मुळीच वाटत नाही.

मी आबांना म्हटलं, मी शिकारीला येत नाही, मोजायला येतेय. शिकार शिमग्याला. त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. शेवटी म्हणाले, "मोजायला ये. मोजनीला काय बाई, काय बाप्या."

मार्गशीर्षात एका सकाळी आम्ही दोघं निघालो. टाक्यापाशी मी पहिल्यांदाच न थांबता पुढे पाय टाकला. यंत्र गळ्यात, दर थोड्या वेळाने मी बटण दाबून खूण करत होते. आबा सांगत होते, हा खिंडीतला उंबर, ही माकडांची कपार, इथे अमक्याच्या बापाला डुकराने फाडलं होतं. मी त्या जागेला रक्ताच्या मागाचं चित्र दिलं. देव म्हणजे कारवीच्या झुडपांच्या दाटीत शेंदूर फासलेले तीन दगड. मी कधी पाहिले नव्हते. साठीच्या घरात आल्यावर पाहिले. नमस्कार केला आणि तिथेही खूण केली.

देवापासून आम्ही उतरायच्या वाटेला लागलो आणि पाऊण तासात कुंपणाशी आलो. फाटकाला कुलूप. आबा जाळीला हात लावून उभे राहिले. मग वळले आणि आलो त्याच वाटेने चालू लागले. मला थोडं नवल वाटलं. मी विचारलं, आबा, ह्या वाटेने परतायचं नाही ना? ते म्हणाले, "मोकळ्या हातानं कुटूनबी यावं. शिकार हाये का खांद्यावर?" ते बरोबरच होतं. नियम शिकारीचा होता, आमचा नव्हता. मी यंत्र चालू ठेवलं, गावात उतरले, आणि रेघ इतकी सुरेख आली होती की मला स्वतःचाच अभिमान वाटला. उपग्रहाच्या चित्रावर ती रेघ टाकून, तळेगावात रंगीत छापून, मी स्वतः वडगावला नेऊन दाखल केली.

सुनावणीला प्लॉटवाल्यांच्या वकिलाने तोच कागद हातात घेतला. आवाजही चढवला नाही. "अर्जदारांनीच दाखल केलेला नकाशा पाहावा," तो म्हणाला. "हे लोक खिंडीच्या वाटेने देवाला गेले आणि त्याच वाटेने परत आले. वेळेसकट नोंद आहे. देवाला जायला-यायला वाट आहे, मग अडचण कसली?"

मी मागच्या बाकावर बसले होते. रेघ खरी होती, एक पाऊलही खोटं नव्हतं, आणि तरी ती माझ्या गावाविरुद्ध साक्ष देत होती. मुलांच्या वह्यांत मी जन्मभर लाल शाईने लिहिलं की नकाशात दिशा आणि प्रमाण दाखवा. खांद्यावर काय आहे ते दाखवा, असं कधी लिहिलं नव्हतं. एवढ्या निवडीने यंत्र घेतलं आणि वाट आपल्याच हाताने घालवली असं वाटून मला रडू येत होतं. रडण्याऐवजी मी उठून उभी राहिले. वकील काय म्हणतील याची वाट न बघता मी नियम सांगितला. चढलो त्या वाटेने शिकार उतरवत नाहीत. तो वकील म्हणाला, हे कुठे लिहिलंय? मी म्हटलं, कुठेच नाही, म्हणून तर चालून दाखवतो. तहसीलदारांनी मला खाली बसायला सांगितलं. पण त्यांनी लिहून घेतलं आणि मंडळ अधिकाऱ्यांना जागेवर जाऊन पंचनामा करायला सांगितला.

गावात आल्यावर आबांना काय तोंड दाखवायचं हे कळेना. सगळं सांगितलं. माझं चुकलं, असंही सांगितलं. आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते उठले, माळ्यावरून दांडा काढला. सागाचा जाड दांडा, डुकरासाठी केलेला, मध्यभागी वेल घासून घासून खाच पडलेला. म्हणाले, शिमग्याच्या आधी एक शिकार करू. सरकार बघायला येतंय तर सरकारला शिकार दाखवू.

पाहणीचा दिवस कामाचा वार निघाला. सगळे पुरुष शिफ्टवर. आबांच्या थोरल्या मुलाने कशीबशी रजा मिळवली. बाकी आबा, शेजारचे एक साठीचे काका आणि काठ्या टेकणारे तीन म्हातारे. आणि मी. मला ये म्हणून कुणी म्हणालं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. मंडळ अधिकारी तरुण होते, धापा टाकत होते, पण वर आले. देवापुढे आबांनी कोहळ्यावर घाव घातला. घावात कुंकू भरून तो दांड्याला बांधला, पुढे आबांचा मुलगा आणि मागे काका असे निघाले. शिकार एकदा उचलली की गाव येईपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. हे मी अधिकाऱ्यांना सांगितलं.

कुंपणाशी आतल्या बाजूला प्लॉटवाल्यांचा व्यवस्थापक उभा होता. अधिकाऱ्यांनी फाटक पाहिलं, फोटो काढले, वही मिटली आणि म्हणाले, झालं, सगळं पाहिलं, चला आता मागे फिरू. कोणीच हललं नाही. आबा शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमी मोकळ्या हाताचं. तुमी जावा माघारी. ज्या वाटेनं जित्या जनावराच्या मागं चढलो, तिच्यावनं त्याचं मढं आमी नेत न्हाई."

अधिकारी एका दगडावर बसले आणि त्यांनी वही पुन्हा उघडली. व्यवस्थापक फोनवर बोलत दूर गेला, परत आला, पुन्हा गेला. ऊन वर आलं. दांडा दोन खांद्यांवर तसाच. अर्धा तास झाला, तास होत आला. डुकरासाठी केलेला दांडा रिकामासुद्धा हलका नसतो. काकांचे पाय लटपटायला लागले, ओठ पांढरे पडले. काठीवाल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि काकांच्या खांद्यामागे दांड्याखाली माझा खांदा घातला. म्हाताऱ्यांपैकी एक जण म्हणाले, बाईमाणसानं शिकार धरू नये. मी म्हटलं, मग तुम्ही या. ते आले नाहीत. काका बाजूला होऊन खाली बसले आणि सगळा भार माझ्यावर आला. दुखलं. पण इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी व्यवस्थापकाला विचारलं, ह्या फाटकातून तुमचे पाहुणे बाहेर येतात का? तो हो म्हणाला. म्हणजे इथे वाट आहे, अधिकारी म्हणाले, आणि ती चालू आहे, हे मी लिहितोय. उघडा. व्यवस्थापकाने आणखी एकदा फोन लावला. पलीकडून उचलला नसावा. त्याने फक्त आजच्यापुरतं, असं दोनदा म्हणत कुलूप काढलं.

निकाल अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा लागेल, आणि आमच्याविरुद्ध लागला तर वरती अपील आहे. तोवर शिमगा येईल आणि कोहळा दांड्याला बांधला जाईल. फाटकाला कुलूप असेल तर आम्ही फाटकाशी उभे राहू, दुसऱ्या दिवसापर्यंत राहावं लागलं तरी. हे मी वडगावला लेखी दिलंय.

त्या दिवशी फाटक उघडल्यावर आबांचा मुलगा पाऊल टाकणार, तेवढ्यात आबांनी हात आडवा घातला. मला वाटलं, आता ते मला दांड्याखालून बाहेर काढणार. मी दांडा आणखी घट्ट धरला. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं. उतारावर पुढच्या माणसाच्या खांद्यावर भार जास्त येतो आणि पाय कुठे टाकायचा ते तोच ठरवतो. मागचा नुसता त्याच्या मागे जातो. ती पुढची जागा चाळीस वर्षं आबांची होती, नंतर त्यांच्या मुलाची.

आबांनी मुलाला मागे व्हायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"पुढं लाग," ते म्हणाले. "मी मागनं सांगतो, तसं पाय टाक. ते यंत्र राहू दे गळ्यात, त्यात बघू नगंस. पुढल्या साली माझं गुडघं न्हाई यायचं."

मी दांड्याच्या पुढच्या टोकाखाली खांदा दिला आणि फाटकातून आत पहिलं पाऊल टाकलं.